डाव्या मध्यरक्षकासाठी रजा

आमचे सर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. आधी पायांकडे बघत. पाय पसंत पडले तर नजर हळूहळू वर चढे, पण बहुतेकांच्या बाबतीत ती गुडघ्यापर्यंत पोचून कंटाळून परत येई. कॉलेजात नवे प्राचार्य रुजू झाले तेव्हा सगळा अध्यापकवर्ग हार घेऊन रांगेत उभा होता. सरांची पाळी आली. त्यांनी हार घातला, खाली बघितलं आणि म्हणाले, "तुमचा सगळा भार टाचांवर आहे. समोरून कुणी ढकललं तर पडाल." प्राचार्य संस्थेच्या राजकारणातून वर आलेले. त्यांनी याचा त्यांना जमेल तो अर्थ घेतला आणि पुढं वर्षभर ते सरांशी फार जपून वागले.

सर आमचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. कॉलेज तालुक्याच्या गावचं, नवंकोरं, पत्र्याचं. क्रीडाविभाग म्हणजे एक कपाट, कपाटात हवा गेलेला व्हॉलीबॉल, आणि कपाटासमोर खुर्ची टाकून बसलेले सर. वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, अंगात बारा महिने पांढरी हाफपँट, गळ्यात शिट्टी. बोलणं तारेतल्यासारखं. प्रत्येक शब्दाचे पैसे पडणार असल्यासारखे ते बोलत.

सरांना कबड्डीशिवाय काही कळत नाही असं गावातले लोक म्हणत. हे खरं नव्हतं. त्यांना कबड्डीसुद्धा सगळी आवडत नसे. चढाई तर त्यांना बघवत नसे. आमचा गडी दम धरून पलीकडं गेला की सर पाठ फिरवून बुटाची नाडी सोडत आणि पुन्हा बांधत. तो मारून आला का मरून आला हे नंतर आम्हाला विचारून घेत. त्यांचा जीव होता पकडीत, आणि पकडीतसुद्धा दोनच माणसांत.

ज्यांनी मैदान बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरचा एकटा माणूस 'कबड्डी कबड्डी' करत आपल्या अंगणात येतो, कुणाला तरी शिवतो आणि मधली रेघ ओलांडून घरी पळतो. त्याला जाऊ द्यायचं नाही, एवढाच आपला धंदा. आपण सात जण. दोन टोकांना दोन कोपरे, ते त्याचा पाय धरतात. कोपऱ्यांच्या आतल्या अंगाला, जरा पुढं सरकून, दोन मध्यरक्षक. तो घराकडं वळला की मध्यरक्षकानं त्याच्या वाटेत जाऊन उभं राहायचं. कोपरा सूर मारतो, त्याला टाळ्या मिळतात. मध्यरक्षक नुसता आडवा येतो, त्याला माती मिळते. मी डावा कोपरा होतो. मला टाळ्या फार आवडत. सरांना ते माहीत होतं आणि त्यांनी मला त्याबद्दल कधीच माफ केलं नाही.

चढाई करणाऱ्याला सर 'पाव्हणा' म्हणत. "पाव्हणा आलाय," ते रेघेबाहेरून शांतपणे सांगत, "न जेवता चाललाय. आग्रह करा." आपल्याकडे आग्रह कसा करतात हे सगळ्यांना माहीत आहे. धोतराला धरतात, चप्पल लपवतात, दारात आडवं उभं राहतात. सरांचं म्हणणं, चप्पल लपवायचं काम कोपऱ्याचं आणि दारात उभं राहायचं काम मध्यरक्षकाचं. चप्पल नसली तरी माणूस अनवाणी जाऊ शकतो. दारात कुणी उभं असेल तर जाऊ शकत नाही.

दरवर्षी श्रावणात, सामने चार महिने लांब असताना, कॉलेजच्या फळ्यावर एक कागद लागायचा. एका बाजूला परीक्षा फीची सूचना, दुसऱ्या बाजूला हरवलेल्या सायकलची, मध्ये सरांच्या वळणदार अक्षरात मथळा: 'मध्यरक्षकांबद्दल चिंता'. खाली दोन परिच्छेद, एक उजव्याबद्दल, एक डाव्याबद्दल. बाकीच्या पाच जणांबद्दल त्यांना चिंता नसे. आशाही नसे.

बहात्तरच्या साली पाऊस पडलाच नाही. मृग गेला, आर्द्रा गेल्या, पोळ्याला बैलांना धुवायला पाणी नव्हतं. सगळा जिल्हा आभाळाकडं बघत होता आणि त्या श्रावणात फळ्यावर कागद लागला. 'उजव्याचे वजन वाढले आहे. कारण शोधावे.'

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आमचा उजवा मध्यरक्षक शिवा, त्याच्या गावच्या दुष्काळी कामावर सुकडी वाटायला लागला होता. सुकडी म्हणजे सरकारनं मजुरांसाठी पाठवलेलं गोड पीठ. शिवा स्वभावानं प्रामाणिक होता, पण प्रत्येक पोतं आधी चाखून बघणं हे तो कर्तव्य समजे. जिल्ह्यात त्या वर्षी वजन वाढलेला माझ्या माहितीत तो एकच माणूस. सर त्याला घेऊन सरकारी धान्य दुकानात गेले, काट्यावर उभं केलं, आणि दुकानदाराला म्हणाले, "सहा किलो जास्त आहे." दुकानदार रांगेतल्या बायांसमोर घाबरून म्हणाला, "सर, माप बराबर हाय." सर म्हणाले, "माप बरोबर आहे. माल चुकलाय."

एकदा मी सरांबरोबर बसमधून येत होतो. ते मला चिंता सांगत होते. "डावा चांगला आहे, पण घरचे यंदा ठेवतील असं वाटत नाही. उजवा जड झालाय. बसला की उठत नाही." पुढच्या बाकावरचा म्हातारा बराच वेळ कान देऊन होता. तो वळून म्हणाला, "उजवा इकून टाका मास्तर. असल्या सालात जड जनावर परवडत न्हाय." सरांनी खिडकीबाहेर बघत खरोखर विचार केला. मग म्हणाले, "आता गिऱ्हाईक मिळणार नाही."

सरावाला मैदान नव्हतं. होतं ते तापून दगडासारखं झालेलं, शिंपायला पाणी नाही, सूर मारला की गुडघ्याचं कातडं तिथंच राहायचं. एका संध्याकाळी सर गावाबाहेर गेले आणि आनंदानं परत आले. त्यांचा आनंद म्हणजे दोन्ही हात खिशात. "तळं आटलंय," ते म्हणाले. गावाला ही बातमी सुतकासारखी होती. सरांनी तळ्याच्या बुडाला जाऊन गाळात टाच रोवून बघितली होती. वर भेगा, खाली मऊ. दुसऱ्या दिवसापासून आमचा सराव तळ्यात. एका अंगाला दीडदोनशे माणसं दुष्काळी कामावर गाळ काढायची, दुसऱ्या अंगाला आम्ही सात जण त्यात लोळायचो. दुपारच्या सुट्टीत बाया भाकरी सोडून आमच्या कडेला बसत. एक म्हातारी मला म्हणाली, "तुमाला काय रोज मिळतोय लेकरांनो?" मी म्हणालो, "काही नाही." ती म्हणाली, "मंग कशापायी मराय लागलाव."

त्याच तळ्यात मी दत्तूचं खरं मोल बघितलं. दत्तू आमचा डावा मध्यरक्षक, ईट गावाकडच्या एका वस्तीवरचा. अंगानं काटकुळा, बोलणं जवळजवळ नाही. माझा उजवा हात आणि त्याचा डावा हात सामनाभर एकमेकांत असायचे, त्याला साखळी म्हणतात. त्या साखळीतून मला त्याच्याविषयी जे कळलं ते बोलण्यातून कधी कळलं नसतं. पाव्हणा अंगावर यायला लागला की माझ्या हाताला घाम सुटे. दत्तूचा हात कोरडा.

एके दिवशी गाळाच्या गाडीचा एक बैल जुवातून सुटला आणि बिथरून सरळ आमच्यावर आला. मी कडेच्या बांधावर कसा पोचलो ते मला आजतागायत सांगता येणार नाही. शिवा सहा किलो जास्त असूनही माझ्या आधी पोचला होता. दत्तू उभा होता. बैल पाच हातांवर आला तेव्हा दत्तू अर्धं पाऊल बाजूला सरकला, बैल जिकडं वळणार होता तिकडं. बैल थांबला. इकडं वळला, दत्तू इकडं. तिकडं वळला, दत्तू तिकडं. शेवटी बैल शरमल्यासारखा मान खाली घालून उभा राहिला आणि मालकानं येऊन त्याला नेलं. सर दत्तूजवळ गेले. "उजवं पाऊल आधी उचललंस," म्हणाले, "डावं उचलायचं." त्या रात्री मात्र त्यांनी आपल्या खोलीत आम्हा सगळ्यांना चहा पाजला, साखर घालून.

दसऱ्यानंतर दत्तू यायचा थांबला. चार दिवस सरांनी वाट बघितली. पाचव्या दिवशी फळ्यावर कागद लागला. 'डावा मध्यरक्षक नाही.' एवढंच. दुपारी त्यांनी मला वर्गातून उठवलं आणि आम्ही दत्तूच्या वस्तीवर गेलो. बस ईटपर्यंत, पुढं पायी.

दत्तूचे वडील, त्यांना सगळी वस्ती तात्या म्हणे, अंगणात बसून दगडावर कोयता घासत होते. दत्तूची आई बाजेवर, तिचा पाय फळ्या लावून बांधलेला. दत्तू भिंतीला टेकून उभा. सरांनी नमस्कार न करता आधी त्याच्या पायांकडे बघितलं. मग बाजेवरच्या पायाकडं.

"मोळी घेऊन गाडीवर चढताना घसरली, गेल्या हंगामात. अजून हाड धरंना," तात्या म्हणाले. "बसा मास्तर. पानी द्या रे मास्तरला. घोटभरच हाय."

गोष्ट सरळ होती. तात्या आणि त्यांची बायको दरसाल ऊसतोडीला जात. तोडीच्या हिशोबात एकटा माणूस नसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती वाढ्यानं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यानं, मोळी बांधते, डोक्यावर घेते, संध्याकाळी भाकरी थापते. बाईचा पाय मोडला म्हणजे कोयता मोडला. म्हणून यंदा दत्तूनं बापाबरोबर जायचं, आणि पुढल्या सालापासून त्याचा स्वतःचा कोयता व्हावा म्हणून फडावर जायच्या आधी त्याचं लग्न उरकायचं. पोरगी बघून ठेवलेली होती. आमच्या डोंगरपट्ट्यात असली लग्नं हंगामाच्या तोंडावर धडाधड लागत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

"मुलीचं वय काय?" सरांनी विचारलं.

"पंधरा असंल. सोळा धरा."

"वयोगटात बसत नाही," सर म्हणाले.

तात्यांनी कोयत्यावर पाणी शिंपडलं. "मास्तर, राग मानू नका. तुमच्या खेळात गडी किती लागतेत?"

"सात."

"सातातला एक गेला तर सहा राहातेत. माझ्याकडं दोनच. दोनातला एक गेला तर काय राहातंय, तुमीच सांगा."

सरांनी यावर फार वेळ विचार केला. मी मनात त्यांच्या वतीनं भाषणं तयार करत होतो, शिक्षणाचं महत्त्व, देशाचं भवितव्य. सर म्हणाले, "बरोबर आहे. तुमची अडचण मोठी आहे." मग दत्तूकडे वळून, "तुला काय पाहिजे?"

दत्तू भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला, "परीक्षा द्यायची हाय."

सर म्हणाले, "मग तात्या, तुमच्या जोडीला मी येतो."

कोयता घासायचा आवाज थांबला. बाजेवरून दत्तूच्या आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती ते मला दिसलं नाही. तेवढ्यात टोळीचा मुकादम मोटारसायकलवरून आला, त्यालाही सगळं सांगण्यात आलं. तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

"मास्तर, जोडीत बाईमाणूस लागतंय. घरचं पोरगं मनून त्येचं चालवून घेतलं व्हतं."

"नियमात आहे?"

"नियम कुठला आलाय. रिवाज हाय."

"रिवाज म्हणजे पंचांच्या मर्जीवर," सर म्हणाले. "पंच तुम्ही."

मुकादमाला आयुष्यात कुणी पंच म्हटलं नव्हतं. तो जरा ताठ बसला. "मोळी बांधाल, गडी मानूस हाव. पर भाकरी? तात्या काय कच्चं पीठ खाईल?"

"मी एकटा राहतो. रोज थापतो."

"रोज थापतो मनं," दत्तूची आई बाजेवरून म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. "दावा मंग. चूल तिकडं हाय. पीठ मिलोचं हाय बरं का."

परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना हे आव्हान काय होतं ते कळेल. तिचं पीठ एकमेकांना धरतच नाही. भल्याभल्या सुगरणींच्या हातात तिचे तुकडे व्हायचे. सर चुलीपाशी मांडी घालून बसले, गरम पाणी घेतलं, पीठ तळहाताच्या मुळानं बराच वेळ मळलं आणि भाकरी थापली. काठाला एक चीर नाही. तव्यावर टाकली, ती फुगली. दत्तूच्या आईनं ती उलटसुलट बघितली, मोडली, तात्यांना अर्धी दिली, मुकादमाला अर्धी दिली. मुकादम चावत म्हणाला, "आमच्या घरच्यापरीस बरी हाय."

"काठ दाबायचा, मधे हात लावायचा नाही," सरांनी मला समजावून सांगितलं, जणू मी विचारलं होतं.

तात्यांनी मग आपली अट घातली. ती मला शब्दन् शब्द आठवते, कारण पुढं तिच्यामुळं मला झोप लागली नाही. "ठरलं तर ऐका मास्तर. तुमचे सामने होईस्तोवर तुमी इकडं, त्यो तिकडं. सामने संपले की त्यो इकडं, तुमी तुमच्या घरी. लगीनबी तवाच बघू. म्या मुकादमाला जबान दिलीया, तुमी मला द्या."

सरांनी हात पुढं केला. म्हणजे सोपा हिशोब असा झाला, की आम्ही जितके दिवस जिंकत राहू तितके दिवस दत्तू कॉलेजात.

रजेचा अर्ज सरांनी मलाच ऑफिसातल्या शिपायाकडं द्यायला सांगितला, त्यामुळं मी तो वाचला. 'डावा मध्यरक्षक उपलब्ध व्हावा यासाठी ऊस तोडणीस जाणे आवश्यक असल्याने बिनपगारी रजा मिळावी.' प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

"अहो, कारण घरगुती असं लिहा. लोक काय म्हणतील?"

"मला घर नाही," सर म्हणाले.

प्राचार्यांनी अर्ज पुन्हा वाचला, टेबलाखाली स्वतःच्या टाचांकडे बघितलं आणि सही केली.

दिवाळीच्या आधी टोळीची गाडी निघाली. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं, आणि फळीवर पाय सोडून बसलेले सर, हाफपँटीत, गळ्यात शिट्टी. ते फार लांब जाणार नव्हते. जिल्ह्यातल्याच एका नव्या सहकारी साखर कारखान्याचा ऊस होता, नदीकाठचा, दुष्काळातून वाचलेला. जाताना त्यांनी मला एक कागद दिला. मी कप्तान होतो, म्हणून वाटलं काही उपदेश असेल. कागदावर लिहिलं होतं, 'शिवाला सुकडीपासून दूर ठेवणे. दत्तूला बोलायला लावू नये. तू लवकर सूर मारू नकोस.'

फडावरच्या बातम्या आम्हाला येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळत. पहिल्या दिवशी बाया त्यांना बघून इतक्या हसल्या की मुकादमाला त्या फडात अर्धा तास काम थांबवावं लागलं. सरांनी हसणं संपेपर्यंत वाट बघितली आणि मग कुणाच्या मोळीचा बांध कसा आहे ते त्यांच्याकडूनच शिकून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पहाटे शिट्टी वाजवून टोळी उठवायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात मुकादम तक्रार घेऊन तात्यांकडं गेला म्हणे, की तुमचा जोडीदार मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढणाऱ्या प्रत्येक बाईचे पाय बघतो. तात्या म्हणाले, "बगू द्या. त्येनं सांगितल्यापास्नं कुणी घसरलं का?" कुणी घसरलं नव्हतं.

आम्हाला दर आठवड्याला एक पोस्टकार्ड यायचं. मजकूर एकच. 'उजव्याचे वजन कळवावे.' आम्ही खोटं कळवत होतो.

सामने जिल्ह्याच्या गावी. पहिलाच सामना अशा कॉलेजशी पडला, ज्यांच्याकडं एकसारखे बनियन होते. त्यांचा एक चढाईवाला होता, उंच, सापासारखा, सगळं मैदान त्याच्या नावानं ओरडत होतं. पण खरं सांगतो, दत्तूनं त्या दिवशी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. चार वेळा आला, तीन वेळा आमच्याकडंच राहिला. मी त्याच्या हातात हात घालून उभा होतो आणि माझ्या हाताला घाम नव्हता. शिवासुद्धा एकदा पडला तो नेमका त्याच्या पायावर पडला, आणि सहा किलोंचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

शेवटची चढाई. आम्ही एका गुणानं पुढं. तो आला. आणि त्याच क्षणी मला कडेला एक माणूस गुडघ्यावर बसलेला दिसला, डोळ्याला कॅमेरा लावलेला. वर्तमानपत्राचा.

मी सूर मारला.

पाव्हणा अजून वळलासुद्धा नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मला वाटतं थोडं आश्चर्यानं, आणि माझ्यावरून उडी मारली. जाता जाता पायाचा अंगठा माझ्या पाठीला लावला, म्हणजे मी मेलो. पुढं दत्तू एकटा. त्यानं त्याच्या कमरेला मिठी घातली, साखळी नसलेल्या माणसानं घालावी तशी, आणि तो उंच माणूस दत्तूला घेऊन फरफटत गेला, दोन हात, तीन हात, आणि बोटांची टोकं रेघेला लागली. दोन गुण त्यांना. एका गुणानं आम्ही हरलो. सामने आमच्यासाठी चाळीस मिनिटांत संपले.

फोटो छापून आला. मी जमिनीवर पालथा आहे, वर त्यांच्या गड्याचे दोन पाय, आणि मागं कोपऱ्यात, जरा धूसर, दत्तू, अर्धं पाऊल सरकलेला. डावं.

दुसऱ्या दिवशी मी आणि दत्तू फडावर गेलो. वाटेत तो काही बोलला नाही आणि मी त्याला बोलायला लावलं नाही. बाकी काही नाही तरी कागदावरची एक सूचना मी पाळली. त्यानं एका पिशवीत दोन सदरे आणि एक पांघरूण घेतलं होतं. वह्या त्यानं माझ्याकडं दिल्या होत्या.

सर पाचटात बसून मोळी बांधत होते. डोक्याला फडकं, दंडावर उसाच्या पात्यानं ओरखडलेलं, चेहरा काळवंडलेला. उठले नाहीत. आमच्या पायांकडं बघून त्यांना समजलं असावं.

"किती?"

"एक गुण," मी म्हणालो. "सर, चूक माझी. मी लवकर..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "डावा कुठं होता?"

"जागेवर."

"हात?"

"त्यानं सोडला नाही. मी सोडला."

सरांनी वाढ्याला पीळ दिला, गाठ मारली आणि मोळीवर गुडघा ठेवून ती ताणली. पलीकडं तात्या तोडायचे थांबले होते. मुकादमही आला. दत्तूनं पिशवी बांधावर ठेवली, सदरा काढून तिच्यावर घडी करून ठेवला, आणि सरांच्या शेजारी पडलेला दुसरा कोयता उचलला.

"ठेव," सर म्हणाले.

"सामने संपले सर. आपली बोली..."

"नापास झालेल्याला पुढल्या वर्षी खेळता येत नाही. विद्यापीठाचा नियम आहे. मला पुढल्या वर्षी डावा मध्यरक्षक लागणार. परीक्षेला चार महिने राहिलेत. तू इथं काय करतोस?" इतकी वाक्यं एका दमात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दम संपल्यासारखे ते थांबले. मग तात्यांकडं वळले. "हंगाम संपेपर्यंत मी राहतो. तुमची हरकत?"

तात्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बोली सामने होईस्तोवरची व्हती, मास्तर."

"होती."

"पोरीच्या बापालाबी सांगून ठिवलंय."

"वयोगट," सर म्हणाले.

मुकादम खाली बघत होता. दत्तूच्या हातात कोयता तसाच होता, त्याचा हात कोरडा होता की नाही मला माहीत नाही, माझे दोन्ही ओले होते. तात्या सावकाश पाचट तुडवत आले. त्यांनी सरांनी बांधलेली मोळी एका हातानं उचलून हलवून बघितली, खाली टाकली, पुन्हा उचलली. मग दत्तूच्या हातातून कोयता काढून घेतला आणि बांधावरचा सदरा त्याच्या अंगावर टाकला.

"जा तू," ते म्हणाले. "हे मास्तर मोळी तुझ्या आईपरीस घट बांधतेत. तिला सांगू नगंस मातर."